तीस वर्षांपूर्वीचे विष आज कसे मोजायचे?

१९६० साली रासायनिक कारखान्यात राबलेल्या माणसाच्या अंगात तेव्हा किती विष गेले, हे १९८७ साली कसे सांगणार? ट्रायक्लोरोफेनॉल बनवताना डायॉक्सिन हा उपपदार्थ नकळत तयार होई. माल पिंपात जाई आणि हा उपपदार्थ कामगाराच्या चरबीत मुक्काम ठोकी. आपल्या मंडळातल्या केमिकल इंजिनिअर मंडळींना हे नवे नाही. मी सॉफ्टवेअरवाला, मला कुतूहल हिशेबाचे.

मॅरिलिन फिंगरहट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेतर्फे १९९१ साली १२ कारखान्यांतल्या ५,१७२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोन कारखान्यांतल्या २५३ जणांचे रक्त तपासले. चरबीच्या एका ग्रॅममागे सरासरी २३३ पिकोग्रॅम डायॉक्सिन निघाले. संपर्क न आलेल्या ७९ जणांत ते अवघे ७ होते. काम सुटून वर्षे लोटल्यावरही एवढे! शरीरातले डायॉक्सिन निम्मे व्हायला किती वर्षे लागतात हे ठाऊक असले, की मागे मोजत जाता येते.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. निम्मे होण्याचा त्या काळचा आकडा होता ७.१ वर्षे, तोही व्हिएतनाममध्ये फवारणी केलेल्या ३६ सैनिकांवरून काढलेला. १९९६ साली तो ८.७ झाला. फरक किरकोळ वाटतो, पण तीस वर्षे मागे जाऊन पाहा: पहिल्या आकड्याने आजचे प्रमाण सुमारे १९ पट होते, दुसऱ्याने ११ पट. शिवाय स्थूल माणसात हे विष अधिक सावकाश उतरते. मग सगळ्यांना एकच सरासरी लावून कसे भागेल? आणि रक्त मिळते ते जिवंत माणसाचे. जे कर्करोगाने आधीच गेले, त्यांचे काय?

म्हणून काइल स्टीनलँड आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा अभ्यास मला जास्त पटतो, जरी तो दिसायला ओबडधोबड आहे. त्यांनी नोंदी अपुऱ्या असलेले चार कारखाने वगळले आणि उरलेल्या आठांतल्या ३,५३८ कामगारांना गुण दिले. रसायनात डायॉक्सिन किती, दिवसाचा किती भाग त्या कामावर आणि संपर्क कितपत, या तिघांचा गुणाकार. मेलेल्यांचेही गुण निघतात! सर्वाधिक गुणांच्या गटात कर्करोगाचे मृत्यू सामान्य लोकांपेक्षा ६० टक्के जास्त आढळले.

तिसरा घटक मात्र शेवटी जाणकाराचा अंदाज. रिअॅक्टर साफ करणारा आणि तिथून नुसता जाणारा यांच्यात किती पट फरक धरायचा? सगळ्यांचे गुण दुप्पट झाले तर क्रम बदलत नाही. दोघांमधले प्रमाण चुकले तर बदलतो. निम्मे होण्याच्या काळाचा वाद या क्रमाला शिवतही नाही. तो उपटतो पुढे, २००१ साली, जेव्हा याच गुणांचे रक्तातल्या पातळीत रूपांतर केले गेले. त्यासाठी आधार होता रक्ततपासणी झालेल्या फक्त १७० कामगारांचा. सामान्य माणसाला किती डायॉक्सिन चालेल, या चर्चेत असे आकडे वापरले जातात. तिथे मला एक आकडा नको, ७.१ ने काय येते, ८.७ ने काय येते, स्थूल माणसाला काय येते, हे शेजारी शेजारी छापलेले हवे. एवढे करायला संगणकाला दुपारही लागत नाही.