थर आणि ढीग : सिंथच्या आवाजांचा विचार

आजचा विषय पाहून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसांचं कॉम्प्युटरवरच्या संगीताशी काय काम? काम आहे, आणि फार जुनं आहे.

न्यायदर्शनातला एक वाद आठवून बघा. कापड म्हणजे नुसते धागे, की धाग्यांहून वेगळी अशी एक वस्तू? नैयायिक म्हणतात, अवयवांपासून जो अवयवी उत्पन्न होतो तो स्वतंत्र पदार्थ आहे. बौद्ध म्हणतात, छे, तिथे फक्त पुंज आहे; 'एक' हे आपण त्याला दिलेलं नाव. आता लेअरिंग म्हणजे काय? एकच स्वर, पण तो दोन, तीन, कधी आठ सिंथ-आवाजांनी एकाच वेळी वाजवायचा आणि त्यातून एक आवाज घडवायचा. म्हणजे सॉफ्टवेअरपुढे बसलेला प्रत्येक संगीतकार हा वाद रोज कानाने सोडवत असतो. आमचं म्हणणं थोडक्यात असं : चांगल्या लेअरिंगमधून अवयवी जन्माला येतो, आज जे सर्रास ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा पुंज असतो. साध्या मराठीत, ढीग.

कानाला अनेक आवाज 'एक' केव्हा वाटतात? अल्बर्ट ब्रेगमन या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या आपल्या ग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. आवाज एकदम सुरू झाले, त्यांच्या कंपनसंख्या एकाच मूळ स्वराच्या पटीत असल्या आणि ते बरोबरीने वर-खाली झाले, की कान त्यांना एक मानतो. आपला तानपुरा घ्या. चार तारा, चार वेगळे आघात. पण जवारी नीट लागली की आपण तारा मोजत नाही, एक घुमारा ऐकतो. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार उमटतो. हा अवयवी! त्यात असं काहीतरी आहे जे एकट्या कुठल्याच तारेने सुटं करून दिलेलं नाही.

सुरुवातीचा क्षण इथे फार महत्त्वाचा असतो. 1948च्या सुमारास पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातला टोल्याचा क्षण कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. आवाजाची ओळख बरीचशी त्याच्या पहिल्या आघातात असते, ती अशी. 1987 साली आलेल्या रोलंड डी-50 या यंत्राने हेच हेरलं. तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून खऱ्या वाद्यांचे आघात तेवढे छोट्या नमुन्यांच्या रूपात साठवले आणि पुढचा लांबणारा नाद यंत्रातच तयार केला. दोन थर, पण प्रत्येकाला नेमून दिलेलं काम.

नेमून दिलेलं काम, हा मुद्दा धरून ठेवा. पूर्वी थराला किंमत मोजावी लागायची. वेंडी कार्लोस यांनी 1968मध्ये मूग सिंथेसायझरवर बाखचं संगीत उभं केलं, तेव्हा ते यंत्र एका वेळी एकच स्वर वाजवत असे. प्रत्येक ओळ वेगळी टेपवर घ्यायची, मग पुढची. रोलंड ज्युपिटर-8वर आठ स्वर एकत्र वाजत. पण दोन आवाज एकावर एक चढवले की आठाचे चार व्हायचे. दाटपणा हवा तर चार स्वर सोडा! संगीतकाराला विचारावंच लागे की हा थर मला कशाला हवा आहे?

आज तो प्रश्न कुणी विचारत नाही, कारण थर फुकट आहे. एका क्लिकवर ट्रॅकची नक्कल होते. ठरलेली कृती आहे : खाली सब, मधे भरीव आवाज, वर हवेसारखा पातळ थर, आरंभाला टकटक. कृती चुकीची नाही. पण स्वयंपाकाची कृती पाठ असणं वेगळं, चव असणं वेगळं. खालच्या पट्टीत दोन थर घातले, एक 50 हर्ट्झचा आणि दुसरा 50.5चा, तर दर दोन सेकंदांनी ते एकमेकांना खातात आणि बास गायब होतो. मग तो भरून काढायला तिसरा थर! हा ढिगाचा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्या संगीताच्या दृष्टीने जास्त गंभीर. आवाज रुंद करण्यासाठी थर मुद्दाम किंचित बेसूर करतात. अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरतात. एक थर 15 सेंट वर, एक 15 सेंट खाली नेला, की 30 सेंटचा पट्टा होतो. प्रमाणश्रुती आहे सुमारे 22 सेंटची. म्हणजे दरबारीचा अतिकोमल गंधार ज्या जागेत राहतो, तिच्याहून मोठा डाग आपण स्वरावर पाडला. आता त्यावर आंदोलन घ्या, मींड घ्या. ऐकू काय येणार? म्हणूनच रागाच्या सुरावटीखाली असला जाड पॅड ऐकला की आम्हाला वाटतं, इथे राग सजवला नाही, पुसला.

याउलट मुंबईचे चरणजित सिंग. 1982च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. यंत्रं तीन : ज्युपिटर-8, टीबी-303, टीआर-808. ठेका एकाकडे, बास एकाकडे, राग एकाकडे. बास देणाऱ्या 303मध्ये एकच ऑसिलेटर. चाळीस वर्षांनंतरही तीनही यंत्रं वेगवेगळी ओळखू येतात आणि तरी मिळून एक चीज उभी राहते.

यावर कुणी म्हणेल, सर, धूसरपणा हेच ध्येय असलं तर? मान्य. मोठ्या मैदानातल्या नाचाच्या संगीतात सात करवती तरंगांचा 'सुपरसॉ' आवाज भिंतीसारखा येतो, आणि तिथे भिंतच हवी असते. तिथे धूसरपणा त्या आवाजाने पत्करलेलं काम आहे. आमची तक्रार कामाविना आलेल्या थराबद्दल आहे.

तेव्हा एक कसोटी देतो आणि थांबतो. एकेक थर बंद करून ऐका, पण एक पथ्य पाळून : जोर कमी झाला की कुठलाही आवाज कानाला उणा वाटतो, म्हणून उरलेल्यांचा जोर आधी पूर्वीइतका करून घ्या. त्यानंतरही काही हरवल्यासारखं वाटलं, तर तो थर अवयव होता. नाही वाटलं, तर तो पुसून टाका. कापडातला धागा ओढला की कापडाला कळतं. ढिगातली मूठभर वाळू काढली, तर ढिगाला पत्ताही लागत नाही.

आता प्रश्न घेऊ.