कल्पनेतील वाहन : बालचित्रकलेतील एका विषयाची चिकित्सा

प्राथमिक शाळांतील चित्रकलेच्या तासिकेत ‘माझ्या कल्पनेतील वाहन’ हा विषय आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. टोयोटा कंपनीने स्वप्नातील मोटारीवरील जागतिक बालचित्र स्पर्धा २००४ मध्ये सुरू केली. तेव्हापासून या विषयाला स्पर्धेचेही वलय लाभले. विषय मुलांना प्रिय, साहित्य अल्प, म्हणून शिक्षकांनाही तो सोयीचा वाटतो. तथापि या उपक्रमातून मुलाची कल्पना व्यक्त होते, की मोठ्यांना आवडेल असे चित्र तेवढे तयार होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

नाशिकच्या संदर्भात तो विशेष अर्थपूर्ण आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ओझरच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली. सातपूर परिसरात मोटारी तयार होतात. लासलगावच्या रस्त्यावर कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. कल्पना शून्यातून उद्भवत नाही, अनुभवातील घटकांच्या नव्या जुळणीतून ती आकार घेते, असे प्रतिपादन रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉत्स्की यांनी १९३० मध्ये केले होते. हे मान्य केल्यास पंख लावलेला ट्रॅक्टर हा पोरकटपणा ठरत नाही. मुलाने पाहिलेल्या दोन गोष्टींचा तो संयोग असतो. लहान मालवाहू गाडीला ‘छोटा हत्ती’ म्हणणारा समाजही याहून वेगळे काय करतो?

ही जुळणी या भूमीला नवी नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार कांस्यशिल्पे सापडली. त्यांत बैलांचा रथ आहे; गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत; हत्तीच्या पाटाखालीही आस बसविण्याची सोय आहे. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक असल्याने त्यांना खेळणी म्हणणे कठीणच. परंतु गेंड्याला चाके लावण्याची कल्पना ज्याला सुचली, तो आजच्या तिसरीतील मुलाचा पूर्वजच म्हणावा लागेल.

बालचित्रातील वाहन कसे वाचावे, याचा वस्तुपाठ जाँ पियाजे यांनी १९२७ मधील ग्रंथात दिला आहे. त्यांनी मुलांना सायकल काढायला सांगितली आणि ती कशी चालते, हेही विचारले. लहान मुलांच्या चित्रात चाके, पायटे आणि साखळी सुटी सुटी असत. साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होऊ लागे. म्हणजे चित्रातील ‘चूक’ ही मुलाच्या कार्यकारणविचाराची नोंद होती. लोवेनफेल्ड यांनीही १९४७ मध्ये, गाडीच्या भिंतीतून आतील माणसे दिसावीत अशा आरपार चित्रांकडे त्या वयाची स्वाभाविक रीत म्हणून पाहिले. आपल्याकडे मात्र अशा चित्रावर लाल शेरा पडण्याची शक्यता अधिक. रंग रेषेबाहेर गेला का, कागद स्वच्छ आहे का, यावर गुण दिले जातात. वाहन कशावर चालते, ते कोणासाठी आहे, हे विचारलेच जात नाही. छापील बाह्यरेषा देऊन ‘आता कल्पनेने रंगवा’ असे सांगणे हा तर या उपक्रमाचा सर्वांत निकृष्ट प्रकार होय. कारण त्यात वाहनाची कल्पना छापणाऱ्याची असते. मुलाकडे उरते ती मजुरी.

या संदर्भात अरविंद गुप्ता यांचे कार्य वेगळी दिशा दाखविते. पुण्यातील टेल्कोत ट्रक-निर्मितीशी संबंधित काम करणारा हा अभियंता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळला आणि पुढे आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवीत राहिला. काडेपेटी, झाकणे, रबरी नळी यांची गाडी चालली नाही, तर आस तिरपा आहे हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. परंतु यालाही मर्यादा आहे. प्रत्येक कल्पना लगेच चालवून दाखविण्याची सक्ती झाली, तर ढगावरून जाणारी बस पहिल्याच दिवशी बाद होईल. त्यामुळे आधी चित्र, मग मुलाचे स्वतःच्या शब्दांतील निवेदन आणि त्यानंतर हवी असल्यास कृती, हा क्रम अधिक न्याय्य वाटतो. निवेदनाची पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी तीच वगळली जाते.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि शंभराहून अधिक पटाच्या शाळांपुरती. ज्या वयात मूल आरपार गाडी काढते, त्या पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ही तरतूद नाही. तेथे चित्र पाहणारे डोळे गणित आणि भाषा शिकविणाऱ्या वर्गशिक्षकाचेच असतात. अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात बालचित्र कसे काढून घ्यावे याबरोबरच ते कसे ऐकावे, यालाही काही तासिका मिळाव्यात, ही मागणी म्हणूनच कलाशिक्षकांपुरती मर्यादित राहू शकत नाही.