मगरींची गंगा आणि मोंटानाची तिजोरी

कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. निकालपत्रे मी वाङ्मय म्हणून वाचत आलो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील 'एस्पिनोझा' निकालात न्या. अलिटो यांच्या सहमतीच्या मतात चक्क एक व्यंगचित्र छापले आहे. थॉमस नास्टचे, १८७१ चे, 'द अमेरिकन रिव्हर गँजेस'. कॅथलिक बिशप मगरी होऊन किनाऱ्यावर सरपटत येताहेत, त्यांच्या टोप्या हेच त्यांचे जबडे. समोर भेदरलेली मुले, मागे ढासळलेली सार्वजनिक शाळा. कॅथलिकांची भीती दाखवायला चित्रकाराला आपली गंगा लागली, म्हणजे एका पूर्वग्रहाला दुसऱ्याचे टेकू!

धार्मिक शाळांना सरकारी पैसा नको, या राज्यघटनांतील कलमांमागे हाच द्वेष होता, असे अलिटोंचे म्हणणे. ते निराधार नाही. १८७५ साली जेम्स ब्लेन यांनी सुचवलेली अशी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये पडली, पण तशी कलमे अनेक राज्यांनी स्वीकारली. चित्रातल्या मुलांपुढे उभ्या असलेल्या तरुणाच्या कोटात बायबल खोचलेले आहे. ज्या शाळा 'निधर्मी' म्हणून वाचवायच्या, त्या प्रत्यक्षात प्रोटेस्टंट वळणाच्या होत्या, हे त्या एका तपशिलात दिसते.

तरीही हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. मोंटानाने १९७२ मध्ये नवी राज्यघटना केली आणि हे कलम पुन्हा स्वीकारले. आजोबांचा द्वेष नातवंडांच्या खात्यावर किती काळ मांडायचा? शिवाय शिष्यवृत्तीसाठी देणगी देणाऱ्यांना करसवलत देणारी ती योजना राज्याच्या न्यायालयाने धार्मिक आणि बिगरधार्मिक अशा सर्वच शाळांसाठी रद्द केली होती. मग भेदभाव उरला कुठे, हा न्या. गिन्सबर्ग यांचा प्रश्न पाच विरुद्ध चार मतांनी मागे पडला. बहुमताने त्याला दिलेले उत्तर मला पटत नाही. राज्याने खासगी शाळांना मदत करायलाच हवी असे नाही, पण केली तर केवळ धार्मिक म्हणून शाळा वगळता येणार नाही, हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे सूत्र. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यात ते आणखी पुढे नेले गेले.

आपल्या घटनाकारांनी रेघ वेगळीकडे ओढली. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही (कलम २८). अनुदानित शाळेत ते देता येते, पण विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय त्याची सक्ती नाही. आणि अनुदान देताना शाळा अल्पसंख्याकांची म्हणून डावलायची नाही, हे कलम ३० मध्ये स्पष्ट लिहून ठेवले.