तापलेले खापर, उरलेले आकडे

खानदेशात पुरणाचे मांडे करायचे तर खापर तापायला वेळ लागतो. एकदा तापले की मांड्यामागून मांडा उतरतो. दर मांड्याला खापर निववून पुन्हा चुलीवर चढवणारी सुगरण आम्ही पाहिलेली नाही. 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीला वेबपानावरून काम सांगताना मात्र पुष्कळदा हेच घडते. 1993 च्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीला प्रोग्राम नव्याने सुरू होतो. धुळ्यातल्या एखाद्या वर्गातील चाळीस मुलांनी पावसाची सरासरी विचारली, की आर चाळीसदा उठणार, पॅकेजेस उघडणार, एक भागाकार करणार आणि निजणार. हिशेब क्षणाचा, तयारी त्याच्या कितीतरी पट!

सायमन उर्बानेक यांनी 2003 साली व्हिएन्नाच्या परिषदेत मांडलेला 'आरसर्व्ह' हा यावरचा उतारा. येथे आर एकदाच सुरू होऊन जागा राहतो. लिनक्सवर प्रत्येक जोडणीला त्याची एक प्रत फुटते. तिला 'फोर्क' म्हणतात. या प्रतीत पॅकेजेस आयती उघडलेली, पण पाटी स्वतंत्र. शिवाय संगणक सगळ्या स्मृतीची नक्कल लगेच करीत नाही. ज्या भागात बदल होईल तेवढाच वेगळा काढतो. त्यामुळे प्रत स्वस्तात पडते. ही रचना आम्हाला फार आवडली.

आमची तक्रार आहे ती विंडोजवरील आवृत्तीबद्दल. तेथे फोर्कची सोय नाही. एका वेळी एकच जोडणी, आणि पुढच्या जोडणीला मागच्याचीच पाटी. एका मुलाने 'पाऊस' या नावाने शिरपूरचे आकडे भरले. साक्रीचे आकडे भरायला विसरलेल्या दुसऱ्याने 'पाऊस'ची सरासरी मागितली. खरे तर 'असे नाव सापडत नाही' असा संदेश यायला हवा. येते ती शिरपूरची सरासरी, तीही झटकन. चूक मुलाला कळत नाही, वही तपासणाऱ्या शिक्षकालाही नाही. ही मर्यादा माहितीपत्रकात नोंदलेली आहे हे खरे, पण ते वाचतो कोण?

2023 पासून 'वेबआर'मुळे आर थेट ब्राउझरात चालू लागला आहे. तेथे पाट्या आपोआप वेगळ्या राहतात. मात्र पहिल्या वेळी बरेच मेगाबाइट उतरवावे लागतात, आणि चाळीस संगणक एकाच जोडणीवर असले की तास त्यातच जातो. त्यापेक्षा एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून त्यालाच आरसर्व्हचे काम द्यावे, असे आम्ही सुचवू. आधी एवढे करून पाहावे: एका जागेवरून 'क्ष'ला 7 ही किंमत देऊन जोडणी सोडावी, दुसरीकडून नुसते 'क्ष' विचारावे. उत्तर 7 आले, तर त्या सर्व्हरवर वर्ग बसवू नये.