देवराई कशामुळे वाचली?

‘हिंदू परंपरा मुळातच पर्यावरणपूरक आहे.’ धर्म आणि पर्यावरण या विषयावर संशोधन करायचं म्हटलं की आराखड्याच्या पहिल्या पानावर हे वाक्य हमखास येतं. खाली अथर्ववेदातलं पृथ्वीसूक्त, वटपौर्णिमा, देवराई. प्रस्ताव तयार! मग मुलाखतीत कोणीतरी विचारतं, ‘महाभारतात खांडववन जाळलं, त्याचं काय?’ आणि आपली बोलती बंद होते. ग्रंथांतून सोयीचे वेचे काढले की समोरचाही त्याच्या सोयीचे वेचे काढू शकतो.

हे वाक्य आलं कुठून, ते आधी बघा. १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने ‘सायन्स’मध्ये लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात दाखवली. त्यानंतर ‘मग कोणता धर्म निसर्गाच्या बाजूचा?’ असा शोध सुरू झाला. आपण जे वाक्य परंपरेचं म्हणून लिहितो, त्याची आजची मांडणी बरीचशी या चर्चेतून आली आहे.

यावर एमा टोमालिन यांचं ‘बायोडिव्हिनिटी अँड बायोडायव्हर्सिटी’ (२००९) हे पुस्तक जरूर वाचा. त्यांचा मुद्दा सरळ आहे. निसर्गात देव पाहणं ही एक गोष्ट. निसर्ग धोक्यात आहे हे ओळखून तो जाणीवपूर्वक वाचवणं ही दुसरी. पहिली जुनी आहे, दुसरी आधुनिक काळातली. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. देवीच्या कोपाला घाबरून कुणी फांदी तोडत नसेल, तर त्याला लगेच पर्यावरणवादी म्हणू नका.

इथपर्यंत मला पटतं. पण ही विभागणी जशीच्या तशी घेऊन कोकणात गेलात, तर अडाल.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत येते. तिथल्या काळकाईच्या राईतली झाडं तोडली जाणार होती. ती थांबवायला मदत करा, असं गावकऱ्यांनी या अभ्यासकांना कळवलं. कारण काय दिलं? आजूबाजूच्या गावांतलं जंगल गेलं तसे तिथले ओढे आटले. आमचा ओढा या राईमुळे वाहतो.

आता हे कोणत्या खान्यात टाकाल? राई देवीची आहे, आणि कारण पाण्याचं आहे. यात नुसती कोपाची भीती नाही, आणि शहरातून आलेली चळवळही नाही. शेजारच्या गावांकडे डोळसपणे पाहून काढलेला निष्कर्ष आहे. टोमालिन यांच्या दोन खान्यांत अशा व्यवहारी शहाणपणाला जागा कमी पडते.

पण घाई नको. ही हकीकत आपल्यापर्यंत शास्त्रज्ञांच्या लेखणीतून येते. शास्त्रज्ञांशी बोलताना लोक पाण्याबद्दल बोलतील, गुरवाशी बोलताना देवीबद्दल. दोन्ही खरं असू शकतं. म्हणून क्षेत्रकार्यात कोण कोणाशी बोलतंय, हेही टिपून ठेवा.

उलट बाजूही कोकणातच दिसते. गावात पैसा आला की देवळाचा जीर्णोद्धार निघतो. कौलारू देऊळ जाऊन स्लॅबचं येतं, सभामंडप वाढतो आणि त्यासाठी राईतली झाडं जातात. देवीला कौल लावून परवानगीही घेता येते. इथे श्रद्धा आटलेली नाही, उलट खर्च करण्याइतकी जोरात आहे. फक्त देवीचा मुक्काम राईतून गाभाऱ्यात हलला. ‘श्रद्धा गेली म्हणून राई गेली’ हे ठरलेलं उत्तर इथे टिकत नाही.

गंगेबद्दल केली अ‍ॅली यांनी वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर केलेला अभ्यास याच्या जोडीला वाचा. गंगा घाण होऊ शकते, पण अशुद्ध होऊ शकत नाही, असं तिथे लोक मानतात. म्हणजे पावित्र्यामुळे नदी स्वच्छ ठेवली जाईलच असं नाही. ‘ती स्वतःला सांभाळेल’ असाही निष्कर्ष त्यातून निघू शकतो.

आणि एक प्रश्न या साहित्यात फार वेळा राहून जातो: पवित्र कोणासाठी? महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पाणी जपण्याची आणि माणसाला पाण्यापासून लांब ठेवण्याची भाषा एकच, शुद्धतेची, असू शकते. मुकुल शर्मा यांचं ‘कास्ट अँड नेचर’ (२०१७) याच प्रश्नावर आहे. ते न वाचता ‘परंपरा’ हा शब्द एकवचनात वापरू नका.

मग आराखड्यात काय लिहायचं? तीन प्रश्न वेगळे करा. लोक काय मानतात? प्रत्यक्षात काय करतात? आणि त्याने जंगलाचं, पाण्याचं काय झालं? पहिल्यासाठी मुलाखती आणि ग्रंथ लागतील, दुसऱ्यासाठी गावात राहणं आणि देवस्थानचे हिशेब, तिसऱ्यासाठी झाडांची मोजदाद आणि जुने नकाशे. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावला की प्रबंध तिथेच ढासळतो.

तिन्ही एकट्याने जमणार नाहीत. एक नीट निवडा, आणि बाकी दोनांबद्दल दावा करू नका. ‘हिंदू परंपरा आणि पर्यावरण’ यापेक्षा ‘एका तालुक्यातल्या देवराया आणि जीर्णोद्धार’ हा विषय लहान वाटेल, पण तो पूर्ण होईल. शिवाय तिथल्या गावकऱ्यांना तुमचं उत्तर उपयोगी पडण्याची शक्यताही जास्त आहे.