पाकीट बंद, नक्कल उघडी

मुळशी तालुक्यातील हिंजवडीचे नाव आता संगणक उद्योगाशी जोडले गेले आहे. अशा उद्योगाचा ग्राहकांशी होणारा बराचसा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो. साधा ई-मेल ज्या सर्व्हरवरून जातो, तेथे तो वाचता येऊ शकतो. म्हणून मजकुराचे कूटलेखन करतात. त्याविषयीच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा केंद्र सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केला आणि टीका होताच मागे घेतला. मसुदा गेला, पण त्यातील चूक समजून घेण्याजोगी आहे.

केरकॉफ्स यांनी १८८३ मध्ये असे तत्त्व मांडले की, पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती किल्ली. ई-मेलसाठीचे ‘ओपनपीजीपी’ हे खुले मानक याच तत्त्वावर उभे आहे. फिल झिमरमन यांच्या १९९१ मधील ‘पीजीपी’ प्रणालीतून ते घडले. ते कोणीही वाचावे, त्यातील दोष दाखवावेत. त्यात प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्लीने इतरांनी पत्र बंद करायचे, खासगी किल्लीने फक्त मालकाने ते उघडायचे.

मसुद्याने मात्र नागरिकांना व कंपन्यांना मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवायला सांगितले. म्हणजे पाकीट चिकटवा, पण पत्राची नक्कल टेबलावर ठेवा! मग चोर कुलूप कशाला फोडील? नंतरच्या खुलाशात बँकव्यवहार व व्हॉट्सॲपसारख्या सेवा वगळल्या; स्वतःचा ई-मेल कूटलेखित करणारा नागरिक बांधलेलाच राहिला. मान्य पद्धतींच्या यादीत ‘आरसी-४’ही होती. दोषांमुळे तिचा वापर इंटरनेटच्या ‘टीएलएस’ मानकात त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद झाला होता. ज्या पद्धतीचे दोष उघडपणे सिद्ध झाले, तिला सरकारी यादीत जागा होती.

गुन्ह्यांच्या तपासाची गरज खोटी नाही. खुले मानकही निर्दोष नाही. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता त्यात झाकला जात नाही आणि किल्ली त्याच व्यक्तीची आहे ना, हे पडताळणे सामान्य माणसाला अवघड जाते. त्यावर उपाय म्हणजे किल्लीचा वापर सोपा करणे. सर्वांना उघडी नक्कल ठेवायला लावणे नव्हे.

वर्गात एक प्रयोग करावा. अक्षरे ठरावीक घरे पुढे सरकवून चिठ्ठी लिहावी. पद्धत फळ्यावर मांडावी, घरांची संख्या गुप्त ठेवावी. मुले ती शोधू लागली की मूळ चिठ्ठी बाकावर ठेवावी. त्यानंतर कोडे सोडवत कोण बसते, ते पाहावे.