मुख्य विषय, दुय्यम विषय आणि आपण

शिरढोणहून पनवेलला शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी माझ्यापुढे दोन वह्या ठेवल्या. तिचा मुख्य विषय मराठी, दुय्यम विषय समाजशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणाच्या भाषेत 'मेजर' आणि 'मायनर'. मराठीच्या वहीत ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'वरचा निबंध होता. समाजशास्त्राच्या वहीत 'माझे गाव : एक सामाजिक पाहणी' हा प्रकल्प होता. दोन्ही एकाच महिन्यात, एकाच हाताने लिहिलेले. पण त्या वह्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. हे टिपण त्या वह्यांविषयी आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या समीक्षेविषयीही आहे. कारण दोष तिच्या एकटीचा नाही.

आधी मराठीची वही. तीत 'दाहक वास्तव', 'वेदना', 'विद्रोह', 'आत्मभान' हे शब्द पानोपानी होते. हे शब्द तिला आपणच दिले. एके काळी ते घडवावे लागले, कारण प्रस्थापित समीक्षेजवळ आपल्या अनुभवाला नाव नव्हते. पण आज ते इतके झिजले आहेत की 'आयदान' काढून तिथे दुसरे कोणतेही आत्मकथन ठेवले असते, तरी तिच्या निबंधातले वाक्य बदलावे लागले नसते. पुस्तक बदलले तरी ज्या समीक्षेचे वाक्य बदलत नाही, तिला त्या पुस्तकाची समीक्षा का म्हणावे?

आता समाजशास्त्राची वही. पहिल्याच पानावर गावाचा नकाशा. मध्ये गाव, कडेला वेस, वेशीबाहेर आपली वस्ती. खाली बारा बलुतेदारांचा तक्ता.

"हा नकाशा तू चालून काढलास?" मी विचारले.

"नाही सर. पुस्तकात असाच आहे."

ज्या गावात जन्मली, त्या गावाचा नकाशा तिने पुस्तकातून उतरवून घेतला होता. मी तिला रागावलो नाही. बी.ए.ला मीही हेच दोन विषय घेतले होते. समाजशास्त्रात गुण बरे मिळतात असे पुढच्या वर्गातल्या मुलांनी सांगितले, एवढेच माझे कारण. तीन वर्षांत एकाही तासाला मला असे वाटले नाही की या विषयाने त्या विषयाला काही विचारावे.

बारा बलुत्यांची सविस्तर मांडणी मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात केली. ग्रंथ मोलाचा आहे. पण त्यातले गाव मुख्यतः देशावरचे आहे, आणि ते कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून पाहिलेले आहे. कुणब्यावर गावाचा किती भार पडतो हे आत्रे मोजतात. खळ्याच्या कडेला पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिथून काय दिसत होते, हे कळायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दया पवार यांचे 'बलुतं' आले. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षे.

शिवाय शिरढोण देशावर नाही, कोकणात आहे. पनवेल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास खोतीचा उल्लेख केल्याशिवाय सांगता येत नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप सुरू केला, तो याच जिल्ह्यात. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. तिच्या तक्त्यात खोत हा शब्दच नव्हता.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की त्या नकाशाला उत्तर तिच्याच दुसऱ्या वहीतल्या पुस्तकात होते. ऊर्मिला पवार रत्नागिरीकडच्या. आपल्या भागातील महारांची घरे वेशीबाहेर नव्हे, गावाच्या मध्ये होती, असे त्या 'आयदान'मध्ये (२००३) सांगतात. त्यात सोय कोणाची होती तेही सांगतात: हाक मारली की माणूस हजर व्हावा. म्हणजे मधोमध असणे ही इथे मानाची जागा नाही, राबण्याची जागा आहे. पाठ्यपुस्तकातला नकाशा अंतर दाखवतो. 'आयदान' सांगते की अंतर न ठेवताही अस्पृश्यता पाळता येते. समाजशास्त्राच्या दृष्टीने हे केवढे महत्त्वाचे विधान आहे! पण मराठीच्या निबंधात ते आले नाही, कारण त्याला 'वेदना' या शब्दाखाली जागा नव्हती. समाजशास्त्राच्या प्रकल्पात आले नाही, कारण आत्मकथन हा तिथे पुरावा मानला गेला नाही.

दोन विषय एकत्र शिकणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र हे त्याच्या जोडीचे विषय. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवरील निबंध वाचला. तो निबंध मी समीक्षेचा नमुना म्हणून वाचतो. जातीतच लग्न करण्याचे बंधन टिकवायचे, तर लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला की बाई 'वाढीव' ठरते, बायको मेली की पुरुष. या वाढीव माणसांचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नाची व्यवस्थेने काढलेली उत्तरे आहेत, असे बाबासाहेब दाखवतात. धर्माच्या भाषेत जे पुण्य होते, त्याचा त्यांनी हिशोब मांडला. मला हा हिशोब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा वाटतो. पण प्रश्न समाजशास्त्राचा आहे, आणि दुसऱ्या जातींनी हे बंधन कसे उचलले हे सांगताना ते गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात.

त्याच निबंधात ते श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या जातीच्या व्याख्येची दखल घेतात. केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. जात ही सुटी वस्तू नाही, जातींच्या व्यवस्थेतच तिला अर्थ आहे, हे त्यांनी ओळखले म्हणून बाबासाहेब त्यांना श्रेय देतात. पण जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू, असेही दाखवून देतात. मान ठेवून चूक दाखवणे ही समीक्षकाची रीत इथे शिकावी. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली हे लेखन स्त्रीवादी ग्रंथ म्हणून पुन्हा वाचायला लावले, तेव्हा त्याला सत्त्याण्णव वर्षे झाली होती.

मात्र समाजशास्त्र जोडले की काम भागले, असे मला म्हणायचे नाही. तो विषयही निष्पाप नाही. आपण त्याला 'नमुना' म्हणून, 'उत्तरदाता' म्हणून फार माहीत आहोत. सिद्धांत वरच्यांनी मांडायचा आणि माहिती दलितांनी पुरवायची, ही भारतीय समाजविज्ञानातली श्रमविभागणी गोपाळ गुरू यांनी २००२ साली उघड केली. 'बलुतं'च्या आरंभी दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकलेल्या दया पवारला सांगतो. प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता एकच माणूस! आपली आत्मकथने नुसती माहिती नाहीत. माहिती कोण, कोणाला, कशासाठी देतो याचाही विचार त्यांत आहे. समाजशास्त्राने साहित्याकडून घ्यायचे ते हे.

तिच्या प्रकल्पात वासुदेव बळवंत फडक्यांवर एक पान होते. ते साहजिकच आहे. १८४५ साली ते शिरढोणला जन्मले, १८७९ साली उठाव केला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगवासात मरण पावले. त्यांच्याबरोबर रामोशी होते, हे वाक्यही होते. तिथे पूर्णविराम. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक रामोशी यांच्या तुकडीने पळस्पे येथे छापा घातला, आणि घाटाकडे परतताना दौलतराव गोळीला बळी पडले. पळस्पे फाटा ती रोज एस.टी.तून ओलांडते. फडक्यांचा त्याग मोठा आहेच. पण १८३२ साली उमाजी नाईकांना फाशी झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी रामोशी पुन्हा का उठले, त्यांचे कोणते हक्क गेले होते, दुष्काळाने त्यांच्या घरी काय केले, हे विचारल्याशिवाय शिरढोणचा इतिहास पुरा होत नाही. नायकाचे चरित्र साहित्य लिहिते. त्याच्यामागे चालणाऱ्यांचा प्रश्न समाजशास्त्राने विचारायला हवा.

मी तिला दोन्ही वह्या परत दिल्या आणि नकाशा चालून काढायला सांगितले. ती आजीला बरोबर घेऊन गेली. कोण कोणाकडे कोणत्या कामाला जाई, कोणत्या वाटेने जाई, हे विचारू लागली. आठवड्याने येऊन म्हणाली, "सर, आजीने आधी मलाच विचारलं, हे तू कोणासाठी लिहितेस?"

हा प्रश्न तिने तिसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. नकाशा अजून पुरा झालेला नाही. पण ही वही मराठीची की समाजशास्त्राची, असे तिने मला विचारलेले नाही. आपल्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी, समीक्षकांनीही आजीच्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. विद्यापीठ एका विषयाला मुख्य म्हणेल, दुसऱ्याला दुय्यम. आपले जगणे ज्या विषयात येते तो आपल्याला दुय्यम मानता येणार नाही.